वारी चुकली तेव्हा (अनुभव धागा)

‘पांडुरंगाची इच्छा’ हे शब्द आपण सहज उच्चारतो. पण आपलाच बेत मोडतो, तेव्हा ते गळ्याखाली उतरतातच असे नाही. २०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका ३० जूनला, आषाढी दशमीला, एसटीतून मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरीच राहिले. त्या वर्षी आपले काय ठरले होते आणि ते मोडल्यावर देवावरचा भरवसा कसा टिकला, किंवा टिकला नाही, हे मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद : तरडगाव

गावाजवळ चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून माउलींच्या अश्वाची दौड, झाले की एका ठरलेल्या दिंडीची माणसे आमच्या ओट्यावर टेकतात. पिठले-भाकरीचा हा नेम सासूबाईंच्या सासूपासून चालत आला आहे. त्या वर्षी दिंडी येणार नसल्याचे विणेकरीबुवांनी आधीच कळवले होते. तरीही मुक्कामाच्या तिथीला मी सवयीने मोठ्या परातीत पीठ घेतले आणि अर्धे मळून झाल्यावर ध्यानात आले की खाणारी तोंडे चारच आहेत. सासूबाई म्हणाल्या, “थांबू नकोस, थाप. त्याला यायचे असेल तर तो येईल.” कोणीही आले नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत शेवटी दारात कोणीतरी उभा राहतोच, असे ऐकायची आपल्याला सवय झाली आहे. उरलेल्या सतरा भाकऱ्या दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकल्या. सासूबाईंनी मात्र पहिला घास कपाळाला लावून, प्रसाद घ्यावा तसा खाल्ला. त्यांच्याइतका भरवसा मला अजून जमलेला नाही.

प्रतिसाद : मस्कत

वारीसाठी रजा मंजूर झाली होती, तिकीटही काढले होते. विमानेच बंद झाली. दशमीला मोबाइलवर फुलांनी सजवलेली ती एसटी पाहिली आणि बसल्या जागी हात जोडले. माझ्याकडे सांगण्यासारखे एवढेच आहे.

प्रतिसाद : पंढरपूर

प्रदक्षिणा मार्गावर आमचे चुरमुरे, बुक्का आणि तुळशीमाळांचे दुकान आहे. मार्चमध्ये मंदिर बंद झाले, आषाढीला गावात संचारबंदी होती आणि मंदिर उघडले ते थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. माळा टिकल्या, चुरमुरे सादळले. ‘विठ्ठलाची इच्छा’ असे मी म्हणत होतो. पण उधारीवर माल देणारा व्यापारी तसे म्हणायला तयार नव्हता, आणि त्याचेही काही चुकत नव्हते.

प्रतिसाद : पुणे

वडील निवृत्त झाले आणि २०२० मध्ये प्रथमच माझ्यासोबत चालणार होते; त्यासाठी त्यांनी कॅनव्हासचे बूटही घेतले होते. “पुढच्या वर्षी जाऊ, माउली कुठे जातात?” असे तेच मला समजावत होते. २०२१ मध्येही पालख्या बसनेच गेल्या आणि पायी वारी पुन्हा निघाली, तेव्हा वडील नव्हते. जे झाले ते चांगल्यासाठीच, असे कोणी म्हटले की मला आजही राग येतो. देवाशी मी भांडतो, पण वारी सोडली नाही. भांडायला तरी त्याच्यापर्यंत जावेच लागते. २०२२ मध्ये त्यांचे बूट घालून निघालो. ते मला थोडे लहान होते. दिवे घाट चढताना टाचेला फोड आला, दिंडीतले लोक चप्पल देऊ लागले. मी घेतली नाही.