जॉबवर्क मशीनशॉप: चलनबुकातून कॉम्प्युटरवर जायचंय, सुरुवात कुठून करावी?

शिरोली_मशीनशॉप
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. ४ सीएनसी, २ व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), दोन शिफ्ट. तीन फौंड्र्यांचं (ओतकाम कारखान्यांचं) कास्टिंग येतं, मशीनिंग होऊन परत जातं. उलाढाल ५ कोटींच्या आत. बिलं टॅलीत होतात, पण आवक-जावक छापील चलनबुकात आणि प्रॉडक्शन रजिस्टरमध्ये. महिनाअखेरीस फौंड्रीचा शिल्लक आकडा आणि आमचा आकडा जुळत नाही, मग डेबिट नोट (आमच्या पैशातून कापल्याची नोंद) येते. थेट ईआरपी (स्टोअर, प्रॉडक्शन, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावा का? स्टोअरकीपर आणि ऑफिसच्या क्लार्कला एक्सेल येतं.

स्टोअर_ते_डिस्पॅच
ईआरपी आत्ता नको. तुमचं दुखणं शिल्लक नगांचं आहे, ते आधी मिटवा.

पहिलं काम पार्टची यादी. एकाच पार्टला फौंड्री एक नंबर लावते, स्टोअर ‘मोठा ब्रॅकेट’ म्हणतं आणि ऑपरेटर तिसरंच काही. प्रत्येक पार्टला एकच कोड द्या, शेजारच्या रकान्यांत फौंड्रीचा नंबर, ड्रॉइंगचा रिव्हिजन आणि कच्चं वजन. कोडचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर एक्सेल पुढची शून्यं खातो, आणि आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘ई’ असेल तर तो कोड घातसंख्या समजून बदलून टाकतो. मग शोधलं तरी पार्ट सापडत नाही.

त्यानंतर दोनच शीट. आवक: तारीख, फौंड्रीचा चलन नंबर, पार्ट कोड, नग. जावक: तारीख, आपला चलन नंबर, कोणत्या आवक चलनातला माल, पार्ट कोड, नग आणि प्रकार. प्रकार चारच ठेवा: ओके, कास्टिंग रिजेक्शन, मशीनिंग रिजेक्शन, विनामशीनिंग परत. एका ओळीत एकच पार्ट. आवकेतून हे चारही वजा केले की त्या चलनाची शिल्लक निघते. जावकेत आवक चलनाचा नंबर टाकायचा कंटाळा केला की सगळं फसतं. फौंड्रीशी वाद तिथेच होतो.

सुरुवात महिन्याच्या १ तारखेला करा. आदल्या सुट्टीच्या दिवशी मशीनवरचा, बिनमधला, रिजेक्शनच्या कोपऱ्यातला माल प्रत्यक्ष मोजा आणि त्या आकड्यावर फौंड्रीची सही घ्या. जुना फरक मिटवल्याशिवाय नवी शीट कधीच जुळणार नाही. पहिला महिना रजिस्टर सोबत चालू ठेवा, आकडे जुळले की रजिस्टर बंद. दोन्ही कायम चालू राहिलं तर लोक रजिस्टरच भरतात.

जीएसटी_वही
वरच्यात भर. जॉबवर्कला आलेला कच्चा माल १ वर्षात परत जायला हवा, नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून फौंड्रीवर कर बसतो. म्हणून आवक शीटमध्ये ‘किती दिवस झाले’ हा रकाना घाला आणि शिल्लक असून ३०० दिवस उलटलेली ओळ लाल करा. आयटीसी-०४ (जॉबवर्कला दिलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) फौंड्री भरते, पण तिचे आकडे तुमच्या चलनांवरच उभे असतात.

चलनाची मालिका आर्थिक वर्षागणिक नवी ठेवलेली बरी. नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, प्रती तीन. छापील बुक आणि कॉम्प्युटर दोन्हींतून चलनं काढणार असाल तर मालिका वेगळ्या ठेवा.

शिफ्ट_सुपरवायझर
शॉपफ्लोअरचं सांगतो. ऑपरेटरच्या हाताला कूलंट असतं, त्याला मोबाइलवर एन्ट्री करायला लावू नका. मशीनला क्लिपबोर्ड, त्यावर शिफ्टचं एक कार्ड. शिफ्ट संपताना सुपरवायझरने ते गूगल फॉर्ममध्ये भरायचं: तारीख, शिफ्ट, मशीन, पार्ट, सेटअप (नग मशीनवर कितव्या वेळी पकडला), ओके, रिजेक्ट, कारण. पार्ट आणि कारण यादीतूनच निवडायचं, टाइप करू द्यायचं नाही. कारणं आठ-दहापेक्षा जास्त नकोत, नाहीतर सगळे ‘इतर’ निवडतात.

‘सेटअप’ हा रकाना गाळू नका. ब्लोहोल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) पहिल्या सेटअपला दिसलं की शेवटच्या बोअरिंगनंतर, यावर वाया गेलेल्या मशीनिंगचे पैसे फौंड्रीकडे मागता येतात की नाही ते ठरतं. हे लेखी नसेल तर फौंड्री तो नग मशीनिंग रिजेक्शनमध्ये ढकलते.

बारकोडची घाई नको. साध्या थर्मल कागदाचे स्टिकर उष्णतेने काळे पडतात आणि कूलंटने निघतात. पुढे लावायचेच झाले तर पॉलिएस्टर लेबल आणि रेझिन रिबन (लेबल प्रिंटरची पक्की शाईपट्टी) घ्या.

शिरोली_मशीनशॉप
खूप आभार. फाइल दोघांनी कशी वापरायची? आणि ईआरपीचा विचार कधी?

स्टोअर_ते_डिस्पॅच
पेनड्राइव्हवरून फाइल फिरवू नका, दोन दिवसांत तीन ‘फायनल’ होतात. गूगल शीट शेअर करा: आवक-जावक स्टोअरकीपरला, पार्ट यादी फक्त क्लार्कला, बाकीचं संरक्षित. टॅलीच्या बॅकअपला दोन हार्डडिस्क आलटून पालटून वापरा, एक घरी ठेवा. कॉम्प्युटरला कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरमध्ये (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सोबतच जाते. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

सलग तीन महिने फौंड्रीचा आकडा जुळला की पुढचं पाऊल. तेव्हाही आधी टॅलीप्राइममधलं जॉबवर्क चालू करून बघा. ‘मटेरियल इन’ आणि ‘मटेरियल आउट’ व्हाउचर त्यातच आहेत. ईआरपीच्या डेमोला जाल तेव्हा तुमचीच एका महिन्याची आवक-जावक घेऊन जा आणि चलनवार शिल्लक तिथेच काढून मागा.