खुल्या रंगमंचावर माईक शिट्टी मारतो, मागे शब्द दोनदा ऐकू येतात

प्रश्न: पुढच्या आठवड्यात विद्यापीठात वक्तृत्व स्पर्धा, लगेच संध्याकाळी गाणी. तालमीत आवाज वाढवला की माईक शिट्टी मारतो. मंचापासून ३० मीटरवर जादा स्पीकर लावलेत, तिथे प्रत्येक शब्द दोनदा येतो. काय करावं?

उत्तर: स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरला की शिट्टी वाजते. म्हणून मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला आणा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक मागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर, म्हणजे मंचावर वक्त्याकडे तोंड केलेला स्पीकर, नेमका त्याच्या शेपटीकडे हवा. वक्त्यांना आधीच बजावा: जाळी मुठीत धरायची नाही, त्याने माईकची दिशाच बिघडते. तोंड २० ऐवजी १० सेंटीमीटरवर आणलं तर साधारण ६ डेसिबल फुकट मिळतात. मग मिक्सरवर माईकचा गेन (आवाज किती वाढवायचा ते) उतरवा.

उत्तर: दुहेरी शब्दांचं कारण सरळ आहे. तारेतून आवाज लगेच पोचतो, हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटरनेच. ३० मीटरला ८८ मिलिसेकंद लागतात. मागच्या स्पीकरला मिक्सरवर १०० मिलिसेकंद डिले (उशीर) द्या. वरचे १२ मुद्दाम, म्हणजे आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. मंचावर माईकसमोर कुणाला टाळी वाजवायला सांगा आणि मागे उभं राहून तपासा.

उत्तर: वापरात नसलेले माईक म्यूट ठेवा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीआधी वाढवता येणाऱ्या आवाजातले ३ डेसिबल गेलेच.