‘आन्नोदारे’ : गाठ मारणे की बांधणे?

प्रश्न : इटालियनमधलं ‘आन्नोदारे’ हे ‘बांधणे’ म्हणून सगळीकडे चालतं का? इंग्रजी ‘नॉट’शी (knot, गाठ) त्याचं नातं आहे का?

उत्तर १ : नातं नाही. ‘नॉट’ जर्मॅनिक कुळातला आहे. ‘आन्नोदारे’च्या मुळाशी लॅटिन ‘नोदुस’, म्हणजे गाठ. इंग्रजी ‘नोड’ त्यातूनच आला. ‘नोदुस’ला ‘आद’ उपसर्ग लागला आणि त्यातला द पुढच्या न मध्ये मिसळला, म्हणून न दुहेरी. तो दाबून उच्चारा, आघात ‘दा’वर. द आपल्या ‘दार’मधला, ड नको. ‘मी गाठ मारतो’ म्हणजे ‘आन्नोदो’. इथे आघात ‘नो’वर सरकतो. स्पॅनिश ‘आनुदार’ याचंच भावंड.

उत्तर २ : सगळीकडे चालत नाही, आणि मराठी माणूस नेमका इथे अडतो. आपण टाय बांधतो, गठ्ठा बांधतो, बुटाची नाडीही बांधतो. इटालियनमध्ये आधी पाहायचं, गाठ कशाची बसते? टाय, रुमाल, तुटलेला धागा यांची टोकंच एकमेकांत अडकतात, तिथे ‘आन्नोदारे’. हातविणीच्या गालिच्यालाही ‘आन्नोदातो आ मानो’ म्हणतात. पार्सल किंवा कुत्रा दोरीने बांधायचा तर ‘लेगारे’. बूट, सीटबेल्ट यांना ‘आल्लाच्चारे’. ‘आन्नोदारे’ला पार्सल हे कर्म दिलं की ऐकणाऱ्याला पार्सललाच गाठ मारल्यासारखं वाटतं.

प्रश्न : आणि सोडायची असेल तर?

उत्तर २ : ‘शोल्येरे’ वापरा. ‘स्नोदारे’ आहे, पण रोजच्या बोलण्यात गाठ ‘शोल्येरे’नेच सुटते. तुटलेली मैत्री किंवा बोलण्याचा धागा पुन्हा जोडला, तर ‘रिआन्नोदारे’. हा वापर फार सुंदर आहे.

उत्तर ३ : शिडाच्या बोटीवर विशिष्ट गाठीचं नाव घेताना ‘फारे’ (करणे) म्हणा : ‘फारे ऊना गास्सा दामान्ते’. हा न आवळणारा, न सरकणारा फास. ‘दामान्ते’मधल्या ‘आमान्ते’चा अर्थ प्रियकर असला तरी इथे तो नाही; हे एका दोराचं जुनं नाव, ग्रीक ‘हिमास’ (चामड्याचा पट्टा) वरून आलेलं. ‘नोदो प्यानो’, म्हणजे सपाट गाठ, मारताना उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वरून घेतलं तर टोकं दोराला समांतर न राहता आडवी फुटतात आणि ताण आला की गाठ घसरते. जाड-बारीक दोर जोडायलाही ती वापरू नका, बारीक दोर निसटतो.