ओवायहीची घळई ‘विल्डरनेस’ आहे, मग तिथे गुरे कशी?

पाणकाठ : बॉइसीला राहायला आल्यापासून अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ओवायही नदीच्या घळया पाहतो आहे. सेजब्रश या झुडपांचे सपाट माळरान चालता चालता अचानक संपते आणि नदी कित्येकशे फूट खाली दिसते. २००९च्या कायद्याने या परिसरातील सुमारे ५ लाख १७ हजार एकर जमीन ‘विल्डरनेस’, म्हणजे कायद्याने मूळ स्थितीत राखलेली वन्यभूमी, ठरली. तिथे सायकलसुद्धा नेता येत नाही, मात्र काठावरच्या पठारावर गुरे चरताना दिसली. हे कसे चालते, आणि स्थानिक पशुपालकांनी या कायद्याला संमती तरी कशी दिली?

माळढोक : मूळ १९६४च्या विल्डरनेस कायद्यातच, आधीपासून चालत आलेली चराई पुढे चालू ठेवण्याची मुभा आहे. पाण्याचे टाके किंवा कुंपण दुरुस्त करायला दुसरा व्यवहार्य मार्गच नसेल, तर परवानगीने क्वचित वाहनही नेता येते. आपल्याकडच्या अभयारण्यांवरून अंदाज बांधला की इथे गफलत होते. ही जमीन मुळात संघराज्य सरकारची, आणि पशुपालकाकडे असतो तो केवळ चराईचा परवाना.

केशरमाथा : संमतीचे म्हणाल, तर पुढाकारच इथल्या काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) आयुक्तांचा होता. त्यांनी २००१ मध्ये सिनेटर माइक क्रेपो यांच्याकडे धाव घेतल्यावर पशुपालक, पर्यावरण संघटना आणि शोशोनी-पायूट ही मूलनिवासी जमात यांची बोलणी कित्येक वर्षे चालली. गुंता होता तो विल्डरनेस ठरवाव्यात की नाही यासाठी ‘अभ्यासाधीन’ म्हणून वर्षानुवर्षे अडकलेल्या जमिनींचा, कारण काँग्रेसचा (अमेरिकी संसदेचा) निर्णय होईपर्यंत त्यांचे मूळ रूप बिघडवता येत नाही आणि त्यामुळे कोणालाच काही ठरवता येत नव्हते. कायद्याने त्यांतील सुमारे २ लाख एकर या बंधनातून मोकळे केले. ज्यांना परवाना सोडायचा होता त्यांना तो स्वेच्छेने परत करण्याची सोय झाली, आणि अशा परवान्यावरची चराई कायमची थांबते. माझ्या मते सारे जुळले ते या देवाणघेवाणीमुळे. निसर्गप्रेमाच्या भाषणांवर एकही पशुपालक बधला नसता.

माळढोक : याच नदीच्या ओरेगनमधील भागासाठीचे विधेयक सिनेटने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केले होते, पण प्रतिनिधिगृहात ते त्या काँग्रेसच्या मुदतीत संमत झाले नाही. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की त्याच घळईचे नियम बदलतात. राफ्ट घेऊन उतरणार असाल, तर दोन्ही बाजूंचे नियम आधी वाचून घ्या.