बी विंग फॅमिली ग्रुप, रविवार २८ सप्टेंबर २०२५

४०२ काकू: 'सध्याचा सर्वोत्तम जागतिक नेता कोण?' हा पोल कोणी टाकलाय? चार नावं आणि खाली टाळ्यांची रांग. वाचून डोक्यात तिडीकच गेली. गेल्या शनिवारी आमच्या घरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे ना?

६०३ काका: वहिनी, पोल मी टाकला. निव्वळ माहिती म्हणून. मॉर्निंग कन्सल्ट या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीचे जुलैचे पसंतीचे टक्के: मोदी ७५, दक्षिण कोरियाचे ली जे-म्युंग ५९, अर्जेंटिनाचे मिलेई ५७, फ्रान्सचे मॅक्रॉन १८. आकडे बोलतात.

२०१: काका, ते आकडे त्या त्या देशातल्या लोकांच्या पसंतीचे आहेत. काम कसं झालं ते त्यातून कळत नाही. शी जिनपिंग आणि पुतिन तर त्या यादीतच नाहीत.

सेक्रेटरी: राजकीय चर्चा टाळावी ही नम्र विनंती. लिफ्टवाला उद्या ११ ला येत आहे.

३०४ वहिनी: हा 'उद्या' गणपतीपासून ऐकतोय. सासूबाई गुडघे धरून तिसरा मजला चढतात.

४०२ काकू: मला बोलू द्या. मुलगा अमेरिकेहून सुट्टीवर आलेला. शनिवारी सकाळी उठलो तर ऑफिसचा मेल, लगेच परत या. एच-वन-बी, म्हणजे तिकडे नोकरी करायच्या व्हिसावर एक लाख डॉलर फी, मुदत रविवारी सकाळी साडेनऊ. २ लाख ३५ हजारांचं तिकीट काढलं. पोळी तव्यावर तशीच राहिली, पोरगं न जेवता गेलं. आणि तो विमानात असताना खुलासा आला की फी फक्त नव्या अर्जांना! आधी नीट सांगायला काय झालं होतं? ज्या ट्रम्पच्या सहीने एका रात्रीत लाखो घरांची झोप उडते, त्याला कसले गुण द्यायचे?

७०१ आजोबा: खरंय हो. पोरगं सुखरूप पोचलं ना?

४०२ काकू: पोचलं.

६०३ काका: मोदी ७५, ली जे-म्युंग ५९, मिलेई ५७. यादी परत टाकतोय, काहींनी वाचलेली दिसत नाही.

१०१: काका, वाचली. आता माझं ऐका. सोलापूरला आमचे टॉवेलचे लूम आहेत. २७ ऑगस्टला इकडे गणपती बसले आणि तिकडे अमेरिकेत आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लागू झालं. आरतीच्या वेळी गिऱ्हाइकाचा फोन, माल थांबवा. पॅक केलेल्या पेट्या अजून गोडाऊनला पडून आहेत. अर्धं टॅरिफ आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. माझ्या कामगाराने कुठलं तेल घेतलं?

७०१ आजोबा: मिलेईचंही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिनात एका महिन्यात २५ टक्क्यांनी भाव चढले होते, आता महिन्याला २ टक्क्यांच्या आसपास. गरिबी ५३ वरून ३२ टक्क्यांच्या खाली आली. हे मानायलाच हवं. पण पेन्शन वाढवायचा कायदा संसदेने केला, तो त्याने अडवला. दर बुधवारी म्हातारी माणसं संसदेसमोर उभी राहतात, पोलीस लाठ्या चालवतात. मी ३४ वर्षं बँकेत काढली, पेन्शनसाठी रांगेत उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. मी त्याला ७५ देणार नाही नि शून्यही नाही.

२०१: आजोबा, एकदम बरोबर. एकाच आकड्यात मावत नाही हे. नेपाळात पंतप्रधान ओलींनी सोशल मीडिया बंद केला, पोरं रस्त्यावर आली, कितीतरी जीव गेले. तेव्हा कुठे राजीनामा आला.

३०४ वहिनी: राजीनाम्यावरून आठवलं. चीनने २०१८ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या मुदतीची मर्यादा काढली. आपल्याकडे कमिटीची निवडणूक शेवटची कधी झाली?

सेक्रेटरी: हे अत्यंत खेदजनक आहे. नऊ वर्षं फुकट राबतोय. कोणाला पद हवं असेल तर किल्ल्या आणि टँकरची बिलं आजच घेऊन जा.

३०४ वहिनी: रागावू नका भाऊजी, तुमच्या कष्टाबद्दल वाद नाही. मी लिफ्टचं विचारतेय.

६०३ काका: मोदी ७५...

१०१: काका 🙏 आठला पाकिस्तानबरोबर आशिया कपची फायनल आहे. आता पुरे.

६०३ काका: ठीक. वहिनी, मन दुखावायचा हेतू नव्हता. पोल काढून टाकला.

४०२ काकू: राग तुमच्यावर नव्हता हो. त्यात पोस्टाने अमेरिकेची पार्सलं घेणं बंद केलंय. दरवर्षी चकली, चिवडा पोस्टाने जातो. खासगी कुरिअरचा दर ऐकून परत आले.

३०४ वहिनी: माझी बहीण ११ ऑक्टोबरला न्यू जर्सीला चाललीय. दोन किलो बसेल तिच्या बॅगेत. चकली डब्यात भरा, पिशवीत चुरा होतो. १० ला संध्याकाळी आमच्याकडे आणून द्या.

४०२ काकू: दोन किलो? मग अनारसेही करते.