कोळसा खाणीचं छत पडण्याआधीचा विजेचा संकेत: म्हणून टेलटेल काढायचे?

गोफकाठ: "कोळसा फुटण्याआधी विद्युतचुंबकीय लहरी सोडतो, चीनमध्ये त्यावरून इशारा देतात आणि आपण छताची हालचाल दाखवणाऱ्या टेलटेलच्या रंगीत पट्ट्या बघत बसलोय" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. तिथली यंत्रं खोल खाणींतल्या रॉकबर्स्ट (दाबाखालचा खडक अचानक फुटणं) आणि गॅस आउटबर्स्टसाठी (गॅससकट कोळसा उसळणं) आहेत. आपल्याकडे वणी-बल्लारपूरला छत बऱ्याचदा बेडिंगवरून (थरांच्या सांध्यावरून) सुटून येतं. टेलटेलचा एक अँकर छतात बसवलेल्या बोल्टच्या लांबीत, दुसरा त्याच्या वर. म्हणून थर कुठे सुटतोय ते कळतं. अँटेना ते सांगेल?

क्वार्ट्झ: थर सुटतानाही भेगा पडतात, घर्षण होतं आणि विद्युतभार वेगळे होतात. वाळूखडकात तर दाबला की वीज देणारा क्वार्ट्झच क्वार्ट्झ!

गोफकाठ: कणांच्या दिशा अस्ताव्यस्त, एकमेकांचा हा पिझो परिणाम बराचसा खोडून काढतात. शिवाय १०० ओहम-मीटर रोधकतेच्या ओल्या खडकात १०० किलोहर्ट्झची लहर १६ मीटरवर ३७ टक्के उरते, १ मेगाहर्ट्झची ५ मीटरवरच.

क्वार्ट्झ: मग १० किलोहर्ट्झ ऐका, ५० मीटर मिळतात.

गोफकाठ: त्याच वारंवारितेवर तर एसडीएलची (कोळसा भरणाऱ्या यंत्राची) केबल आणि गेट-एंड बॉक्सचा (यंत्रांच्या वीजपेटीचा) कॉन्टॅक्टर (स्विच) बोंबलतो. वीज बंद करून मोजाल, तर कोळसा निघत असताना यंत्र बहिरं.

रेझिन_कॅप्सूल: सिग्नलचं नंतर बघू. आधी बोल्ट! तो भोकात रेझिननं चिकटवतात. भोक मोठं पाडलं की रेझिन नीट मिसळत नाही, रेझिनच्या कॅप्सूलचं प्लास्टिक बोल्टला मोज्यासारखं गुंडाळतं. बोल्ट जास्त वेळ फिरवला तर जमू लागलेलं रेझिन तुटतं. वरून प्लेट घट्ट दिसते, धरलेलं काहीच नसतं. पुल टेस्ट (बोल्ट ओढून पकड तपासणं) कुणी मागत नाही, यंत्राला मात्र पैसे निघतात.

क्वार्ट्झ: चर्चेचा धागा बोल्टचा नाही!

रेझिन_कॅप्सूल: छत बोल्टच धरतो, अँटेना नाही. ड्रिल बिट झिजला की भोक लहान, ड्रिलचा रॉड वाकला की मोठं, कोण मोजतं?

क्वार्ट्झ: बिटचं म्हणणं बरोबर, पण त्यानं माझा मुद्दा मरत नाही. दोन अँटेना आणि एक जिओफोन (खडकाचे हादरे ऐकणारा) लावा, तिन्हींवर जवळजवळ एकाच वेळी आलेला ठोका तेवढाच मोजा. कॉन्टॅक्टरचा ठोका जिओफोनवर सहसा येत नाही.

गोफकाठ: हे मान्य करावं लागेल. डिपिलरिंगमध्ये (आधी सोडलेले कोळशाचे खांब काढताना) पिलरच्या कडा खरंच चुरतात, तिथे लावून बघा, यंत्र गॅसी सीमसाठी (ज्वलनशील गॅस असलेल्या कोळशाच्या थरासाठी) मंजूर असेल तरच. टेलटेल जागच्या जागी राहतील.

रेझिन_कॅप्सूल: आणि पुल टेस्ट?