मदत हवी आहे: रक्तातल्या फॅटी ॲसिडमुळं बीपी वाढतं का?

रंकाळाकाठ
वडिलांचं बीपी गोळी चालू असून उतरंना. डॉक्टर म्हणाले, रक्तात फॅटी ॲसिड जास्त असली की रक्तवाहिन्या सैल पडत नाहीत. एवढ्यात पुढचा पेशंट आत आला नि आम्ही बाहेर. तेल बदलू का? बहीण म्हणते माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणा. लवकर सांगा, महिन्याचा बाजार आजच भरायचाय.

तालमीतला
आकडे टाका की राव. वय, बीपी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), साखर?

रंकाळाकाठ
वय ६१. बीपी १५६/९४. ट्रायग्लिसराइड २८८. साखर जरा वर. तेल कुठलं ते सांगा.

लाकडीघाणा
रिफाइंड बंद, घाण्याचं शेंगतेल चालू. आमच्यात आजोबांपास्नं हेच. बीपी कुणालाच नाही.

शाहूपुरीची_लॅब
घाण्याचं काय नि रिफाइंड काय, चमच्यामागं कॅलरी तेवढ्याच. मूळ प्रश्नाचं कुणी बोलंना म्हणून लिहितो. रक्तवाहिनीच्या आतल्या पातळ अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, त्यानं नळी सैलावते (या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालंय). रक्तात मोकळी फॅटी ॲसिड कायम चढी राहिली की हा वायू कमी पडतो, नळी आवळलेली राहते. आता ती येतात कुठनं? पोटावर चरबी साठली आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की चरबीच्या पेशी ती रक्तात सोडतच राहतात. नेहमीच्या लिपिड रिपोर्टात ती मोजत नाहीत, ट्रायग्लिसराइडवरनं अंदाज बांधायचा. त्यामुळं तेलाच्या डब्याआधी वडिलांच्या कमरेचं माप बघा.

लाकडीघाणा
मग आठवड्यातनं दोन उपवास धरा. चरबी जळून जाईल.

शाहूपुरीची_लॅब
उपाशीपोटी मोकळी फॅटी ॲसिड उलट वाढतात. जळायची तर चरबी रक्तातनंच जाणार ना? त्यात घाबरण्यासारखं काही नाही, खरं नुसत्या उपवासानं बीपी उतरत नसतं. वजन उतरलं तर उतरेल. आणि साबुदाण्याच्या खिचडीला उपवास म्हणत असाल तर विषयच संपला.

गंगावेशकर
तांबडा बंद करा, पांढरा चालू ठेवा. तिखट नाही, बीपीला सोसतो.

तालमीतला
बीपी तिखटानं नाही, मिठानं वाढतं भावा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते. पांढऱ्यात मीठ नसतंय व्हय? वर नारळाचं दूध आणि मटणाचा स्टॉक. तिसरी वाटी मागवताना कोण मोजतंय?

गंगावेशकर
बरा पांढरा हल्ली मिळतोय कुठं, ते आधी सांगा. सगळीकडं काजूची पेस्ट.

निवृत्त_सिस्टर
रश्श्याचं राहू दे. वडील आणखी कुठल्या गोळ्या घेतात? गुडघ्याच्या वगैरे?

रंकाळाकाठ
गुडघ्याची रोज एक. दुकानातनंच आणतात. तिचा काय संबंध?

निवृत्त_सिस्टर
मोठा संबंध आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, बीपीच्या काही गोळ्यांचा जोरही कमी होतो. किडनीवर ताण येतो तो वेगळाच. पाकीट डॉक्टरांपुढं ठेवा. आणि बीपीची गोळी आपल्या मनानं सोडू देऊ नका.
कॅप्सूलचं म्हणाल तर माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ फॅटी ॲसिडनं ट्रायग्लिसराइड उतरतं, पण डोस मोठा लागतो, तो डॉक्टरांनी ठरवायचा. बीपी थोडंच उतरतं. बांगडा खात असतील तर खुशाल खाऊ देत.

लाकडीघाणा
आणि जवसाची चटणी?

निवृत्त_सिस्टर
चटणी चांगलीच. फक्त जवसातलं ओमेगा-३ वेगळं, त्यातलं फार थोडं शरीरात माशातल्यासारखं होतं. मीठ बेतानं घाला.

रंकाळाकाठ
उद्या पाकीट घेऊन जातो. खरं तेलाचं कुणीच नीट सांगितलं नाही. दुकानात उभा आहे.

शाहूपुरीची_लॅब
शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठलंही घ्या. डालडा नको. पाच लिटरच्या जागी तीन लिटर न्या.

लाकडीघाणा
शेंगतेलच घ्या. घाण्याचा पत्ता देऊ का?